लावलेली झाडे आणि जगलेली झाडे

जुलै उजाडला की गावोगावी वृक्षारोपणाचे सोहळे सुरू होतात. १९५० साली कन्हैयालाल मुन्शी यांनी वनमहोत्सवाची प्रथा घातली, तेव्हापासूनचा हा परिपाठ आहे. महाराष्ट्रात २०१६ साली २ कोटी रोपांपासून निघालेला संकल्प २०१९ मध्ये ३३ कोटींवर जाऊन पोहोचला. त्यांतील जगली किती, हा प्रश्न पुढे विधिमंडळात गाजला. वस्तुतः तो रोपे लावण्यापूर्वीच विचारला जावयास हवा होता.

रोप हा भांडवली खर्च आणि पाणी हा चालू खर्च, असे मानले तर या अपयशाचा उलगडा होतो. पहिल्या खर्चास मुहूर्त असतो, पाहुणे असतात. रोपाचे भवितव्य मात्र ठरते ते फेब्रुवारी ते मे या महिन्यांत, आणि तेही लागोपाठ दोनतीन उन्हाळे. तेव्हा टँकर, कुंपण व राखणदार यांची तरतूद नसेल तर रोप वाळते. आणि त्याच खड्ड्यात पुढल्या वर्षी दुसरे लावून ते नव्याने मोजता येते!

पुण्याच्या टेकड्यांवर याहून निराळे दृश्य दिसते. पहाटे फिरावयास येणारे कित्येक नागरिक पाण्याची बाटली वा कॅन घेऊन चढतात आणि रोपांना पाणी घालतात. या श्रमांची नोंद कोणत्याही अंदाजपत्रकात नाही.

तथापि झाड जगणे हीदेखील पुरेशी कसोटी नव्हे. याच टेकड्यांवर गेल्या शतकात मध्य अमेरिकेतील गिरिपुष्प मोठ्या प्रमाणावर लावले गेले. ते थोड्या पाण्यावर तगते, भराभर वाढते. आकडा दाखविण्यास याहून सोयीचे झाड नाही. परंतु त्याच्या दाटीत मूळचे गवत व झुडपे मागे हटली. गवताळ माळ म्हणजे ओसाड जमीन, हा समज त्यामागे होता. सालई, मेडशिंगी, पांगारा ही या कोरड्या डोंगरांची स्वतःची झाडे. ती सावकाश वाढली म्हणून बिघडत नाही.

कायदाही संख्येच्याच मोहात आहे. शहरांतील वृक्षांच्या जतनासाठी १९७५ साली झालेल्या अधिनियमात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. ५० वर्षे वा अधिक वयाचा वृक्ष आता वारसा वृक्ष ठरतो, आणि तो तोडल्यास त्याच्या वयाइतकी रोपे लावावी लागतात. साठ वर्षांच्या वडाच्या बदल्यात साठ रोपे, हा सौदा कागदावर उदार दिसतो. पण आजची सावली जाते आणि तिची भरपाई एका पिढीनंतरच्या तारखेची असते. रोपे दूर, शहराच्या वेशीवर लागली, तर ज्या फेरीवाल्याने सावली गमावली त्याच्या पदरी काहीच पडत नाही.

यावर उपाय फारसा खर्चाचा नाही. तीन वर्षांपूर्वी लावलेल्यांपैकी आज उभी असलेली झाडे, जातवार व जागेसह, प्रत्येक नगरपालिकेने दर जूनमध्ये जाहीर करावीत. ती यादी लागेपर्यंत नव्या खड्ड्यांसाठी पैसा मंजूर होऊ नये.