मोडीच्या भावातली नक्षी

गिटार म्हटले की डोळ्यांसमोर लाकडी वाद्य उभे राहते. परंतु धातूची गिटारही असते, आणि तिच्यासाठी जीव टाकणारे संग्राहक जगभर आहेत. १९२७ च्या सुमारास अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरी जॉन डोपेरा आणि जॉर्ज बीचम या जोडीने 'नॅशनल' गिटार बाजारात आणली. त्या काळी वाद्यवृंदात गिटारचा नाजूक आवाज बुडून जाई. त्यावर उपाय म्हणून जर्मन सिल्व्हरच्या पोकळ अंगात ॲल्युमिनियमचे तीन पातळ शंकू बसवले. तारेचे कंपन घोडीवाटे शंकूंपर्यंत पोहोचे आणि आवाज खणखणीत उमटे. पुढे १९३२ च्या सुमारास विजेवर चालणारी गिटार आली आणि या युक्तीची निकड संपली.

गंमत पुढेच आहे. ही गिटार चार प्रकारांत मिळे. पहिली साधी, दुसरीवर रानगुलाब, तिसरीवर लिली, चौथीवर शेवंती कोरलेली. आतले शंकू मात्र तेच! फुलांची वेल जितकी दाट, तितकी किंमत चढी. त्या वेलीने आवाजात तसूभरही फरक पडत नाही. मग संग्राहक तिच्यावर एवढा पैसा का उधळतात? व्यवहारी माणूस याला वेड म्हणेल. मला ते तसे वाटत नाही.

नक्षी म्हणजे कारागिराने वस्तूला दिलेला जादा वेळ. तेवढा वेळ दिला नसता तरी वस्तू चाललीच असती. म्हणूनच त्या वेळेला मोल आहे. हे आपल्याला परके नाही. मिरजेच्या तंबोऱ्याकडे पाहा. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब सितारमेकर यांच्यापासून सुरू झालेली ही परंपरा मूळची शिकलगारांची, म्हणजे शस्त्रांना धार लावणाऱ्यांची, असे सांगतात. भोपळ्यावरच्या वेलबुट्टीने षड्ज अधिक गोड लागत नाही. तरीही ती काढली जाते. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची गोष्ट.

आणि आपले नाशिक? तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी हे गाव पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध. आपल्या आजीच्या घंगाळावर, कळशीवर, पानाच्या डब्यावर टिंबाटिंबांनी नाव घातलेले असते. कुणी, कुणाला, कोणत्या लग्नात, कोणत्या साली दिले, सारे त्यात येते. हीदेखील कोरीव नक्षीच. आज जुने वाडे पडत आहेत आणि ही भांडी मोडीच्या भावाने जात आहेत. काट्यावर फक्त धातूचे वजन भरते. नाव आणि नक्षी बिनमोल जातात. माळ्यावरच्या फुटक्या दिलरुब्याची आणि भाता फाटलेल्या पेटीची तर तेवढीही किंमत होत नाही.

पुण्याच्या दिनकर केळकरांनी, म्हणजे कवी 'अज्ञातवासी' यांनी, नेमक्या अशाच वस्तू आयुष्यभर जमवल्या. दिवे, अडकित्ते, वाद्ये! अकाली गेलेल्या मुलाचे, राजाचे, नाव त्या संग्रहाला दिले आणि १९७५ मध्ये सारा संग्रह शासनाच्या स्वाधीन केला. संग्राहक असावा तर असा.

पण संग्राहकांनाही एक गोष्ट सांगावीशी वाटते. वाद्य म्हणजे अडकित्ता नव्हे. काचेच्या कपाटात ठेवलेले वाद्य दिसते, पण ऐकू येत नाही. आणि त्याची निम्मी कथा तर आवाजातच असते. पंडित ब्रिजभूषण काब्रा यांनी हवाईयन पद्धतीची गिटार मांडीवर घेऊन तिच्यातून राग उभे केले. १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेत ती ऐकायला मिळते. परदेशी वाद्य आपले झाले ते वाजवल्यामुळे; कपाटात ठेवून झाले नसते. वाजवल्याने वाद्य झिजते हे खरे. पण झिजलेले वाद्य दुरुस्तीला जाते, आणि त्यावरच कारागिराची चूल पेटते. संग्राहकाने वाद्य जपावे, जाणत्याच्या हाती अधूनमधून द्यावे आणि घडवणाऱ्याचे नाव ठाऊक असेल तर तेही लिहून ठेवावे.

दोन खोल्यांच्या घरात घंगाळ कुठे ठेवायचे, हा प्रश्न रास्त आहे. सगळेच जपता येणार नाही. परंतु मोडीत घालण्यापूर्वी भांड्यावर कागद ठेवून शिसपेन्सिल घासली तरी नावाचा ठसा उमटतो. त्याला खर्च चार आण्यांचाही नाही. आपल्या स्नेहसंमेलनात रांगोळीचे आणि पाककलेचे प्रदर्शन दरवर्षी भरते. त्यांच्या शेजारी एक टेबल अशा ठशांसाठी आणि घरोघरच्या जुन्या वाद्यांसाठी मांडावे, आणि संध्याकाळी त्यांतले एखादे तरी वाद्य वाजवावे, अशी प्राध्यापकवर्गाला आणि विद्यार्थिमित्रांना माझी विनंती आहे. पुढच्या संमेलनापर्यंत आणखी काही वाडे पडलेले असतील.