बाबांच्या टर्नटेबलला नॉस्टॅल्जिया म्हणू नका!

आजची पोस्ट जरा भांडणाची आहे, आधीच सांगतो.

कुणाच्या रिटायर्ड वडिलांनी माळ्यावरचं टर्नटेबल काढलं की आमच्या आयटीवाल्यांत दोनच प्रतिक्रिया येतात. पहिली : "काका, मोबाईलवर सगळं आहे की, कशाला उचापती?" दुसरी : "वा! ॲनालॉगची मजाच वेगळी, डिजिटलला आत्मा नाही." मला दोन्ही डोक्यात जातात.

आधी आत्मावाल्यांना धरू. खरखर मोजा, डायनॅमिक रेंज मोजा, १६ बिटची सीडी एलपीच्या पुढेच जाते. एलपीच्या आतल्या खाचांत आवाज बिघडतो, कारण तिथे एका फेरीत सुईखालून कमी अंतर सरकतं. हे फिजिक्स आहे राव! पण याच 'आत्म्या'च्या नावावर साठीच्या माणसाला महागडी केबल खपवतात. आमच्या बाबांनाही एका दुकानदाराने तीच दाखवली. घरातली घूंऽऽ मात्र गेली ती टर्नटेबलची अर्थिंगची वायर ॲम्प्लिफायरला नीट जोडल्यावर. खर्च शून्य.

आता उचापतीवाले. मान्य, वैताग आहेच. बेल्ट सैल झाला की गाणं रडायला लागतं. कार्ट्रिजच्या तारा केसाएवढ्या, चष्मा कपाळावर, हात थरथरतो. ७८ आरपीएमच्या तबकडीला एलपीपेक्षा तिप्पट-चौपट रुंद टोकाची सुई लागते, आणि बऱ्याच नव्या टर्नटेबलांना ७८चा वेगच नसतो. पण यातली प्रत्येक अडचण स्क्रू-ड्रायव्हर, वजनकाटा आणि डोकं वापरून सुटते. तुमचा गोंदाने चिकटवलेला फोन उघडून दाखवा बघू!

आणि हा छंद परदेशी, श्रीमंतांचा, हे तर बोलूच नका. आम्ही मूळचे गोंदियाचे. आमच्याकडे सालेकसा तालुक्यात, दरेकसा स्टेशनजवळ कचारगडची गुहा आहे. माघ पौर्णिमेला तिथे अनेक राज्यांतून गोंड समाज जमतो. त्यांची परंपरा सांगते, की गुहेत कोंडलेली मुलं सुटली ती हिरासुका पाटालीरच्या किंगरीच्या सुरांनी. त्या बळावर तोंडावरची शिळा हलली. संगीताने दगड हलतो असं मानणारा हा मुलूख! आणि याच मुलखातल्या पळस-कुसुमावर लाखेचे किडे वाढतात. ७८च्या तबकड्या लाखेच्याच : दगडाची पूड, आणि तिला धरून ठेवणारी लाख. १९०२ साली कोलकात्यात गौहर जानचा आवाज ध्वनिमुद्रित झाला, तो लोकांच्या घरी पोचला तो लाखेवरच.

म्हणूनच अशी तबकडी स्पिरिटने पुसायची नाही. सुताराची पॉलिश आठवा, लाख स्पिरिटमध्ये विरघळते. बाबांना हे माहीत आहे. इंजिनीअरिंगच्या चार वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं.

थोडक्यात काय, चाळीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला आपण हळूच सांगत असतो, की तुमच्या हातांना आता काम नाही. वाय-फायचा पासवर्डसुद्धा आपणच टाकून देतो. टर्नटेबलपुढे ते पुन्हा जाणकार असतात. तेवढी जागा तरी त्यांची राहू द्या.

पुढच्या वेळी "कशाला उचापती" ओठांवर आलं, तर ते गिळा आणि विचारा : "काका, सुईवर किती ग्रॅम ठेवलेत?" मग अर्धा तास गप्प बसून ऐका.