तुमची बाजू घेणारा जिवंत आहे

प्रार्थना करायची लाज वाटते म्हणून प्रार्थना सोडलेली माणसे प्रत्येक मंडळीत असतात. कुणी रागाच्या भरात बायकोवर हात उगारलेला असतो. कुणाची सुटलेली दारू पुन्हा सुरू झालेली असते. कुणी सख्ख्या भावाशी वाटणीवरून बोलणे टाकलेले असते. असा माणूस मनाशी म्हणतो, आधी सुधारतो, मग देवापुढे जातो. एक रविवार चुकतो. मग दुसरा चुकतो. पवित्र शास्त्र कपाटात पडून राहते.

तुम्ही यांतले असाल तर हे तुमच्यासाठी लिहिले आहे. तुमच्या घरात असे कुणी असेल तर त्यांना वाचून दाखवा.

तुम्ही प्रार्थना सोडली असेल. पण प्रभू येशूने तुमच्यासाठी विनंती करणे सोडलेले नाही.

नव्या करारात इब्री लोकांस लिहिलेले पत्र आहे. ते थकलेल्या ख्रिस्ती लोकांसाठी लिहिले होते. विश्वासामुळे त्यांची चारचौघांत निंदा झाली होती. काहींची मालमत्ता लुटली गेली होती. काहींनी एकत्र जमायचे सोडले होते. या लोकांना धीर देताना पत्र पुन्हा पुन्हा एकच सांगते : स्वर्गात तुमचा प्रमुख याजक आहे, त्याच्याकडे पाहा.

प्रमुख याजक काय करी, ते आधी समजून घ्या. तो लोकांच्या वतीने देवापुढे जाई. त्याच्या ऊरपटावर 12 रत्ने असत आणि त्यांवर इस्राएलाच्या 12 वंशांची नावे कोरलेली असत. खांद्यांवरच्या दोन रत्नांवरही तीच नावे, सहा इकडे, सहा तिकडे. म्हणजे याजक आत गेला की लोकांची नावे त्याच्या छातीवर आणि खांद्यांवर आत जात.

पडद्याआडच्या परमपवित्रस्थानात मात्र तो वर्षातून एकाच दिवशी जाई. सातव्या महिन्याचा दहावा दिवस, प्रायश्चित्ताचा दिवस. लेवीयच्या 16 व्या अध्यायात सगळा विधी दिला आहे. तो आधी अंघोळ करी. तागाची साधी वस्त्रे घाली. आधी स्वतःच्या पापासाठी गोऱ्हा अर्पण करी, मग लोकांसाठी बकरा. बाकी कुणी पडद्याआड पाऊल टाकायचे नाही. पुढच्या वर्षी पुन्हा तेच सगळे.

आणि याजक मरत. अहरोन होर डोंगरावर वारला. तेव्हा त्याची वस्त्रे उतरवून त्याचा मुलगा एलाजार याच्या अंगावर घातली. पुढे एलाजारही गेला. पिढ्यान्‌पिढ्या माणसे बदलत राहिली. शेवटी इ.स. 70 मध्ये रोमी सैन्याने यरुशलेमेतले मंदिर पाडले आणि तिथले यज्ञ थांबले.

प्रभू येशूचे याजकपण असे बदलत नाही. तो याजकांच्या, म्हणजे लेवीच्या घराण्यातला नव्हता, यहूदाच्या वंशातला होता. म्हणून पत्र त्याला मलकीसदेकासारखा याजक म्हणते. मलकीसदेक हा शालेमचा राजा आणि देवाचा याजक. लढाईहून परतलेल्या अब्राहामासाठी तो भाकर आणि द्राक्षारस घेऊन आला होता. त्याचे याजकपण बापजाद्यांकडून आले, असे शास्त्रात कुठेही लिहिलेले नाही. येशूलाही ते घराण्यातून मिळाले नाही. ते देवाने दिले, आणि तो मेलेल्यांतून उठला असल्याने कायमचे त्याचेच आहे.

त्याने बळी म्हणून स्वतःला दिले, एकदाच. जुने याजक रोज उभे राहून सेवा करीत. निवासमंडपात, म्हणजे ते सेवा करीत त्या पवित्र तंबूत, दीपवृक्ष होता, मेज होते, धूपवेदी होती. त्या सामानात याजकांनी बसायच्या आसनाचा उल्लेख नाही, कारण त्यांचे काम कधी संपत नसे. येशू मात्र आपले अर्पण करून देवाच्या उजवीकडे बसला. पापासाठी करायचे होते ते झाले. आता तो तुमच्यासाठी विनंती करायला जिवंत आहे.

आणि तो तुम्हाला ओळखतो. तो भुकेला राहिला. थकून विहिरीपाशी बसला. जवळच्या मित्रांनी त्याला सोडले. मरणाच्या आदल्या रात्री तो मोठ्या व्यथेने प्रार्थना करीत होता. त्याची सर्व प्रकारे परीक्षा झाली, पण त्याने पाप केले नाही. तुमचे दुखणे त्याला समजावून सांगावे लागत नाही.

हे खरे आहे, तर तुमच्या रोजच्या जगण्यात काय बदलायला हवे? थोड्या गोष्टी सांगतो. आजपासून करून पाहा.

पहिली गोष्ट : आहात तसे या. सुधारण्याची वाट पाहू नका. शांत जागा मिळत नसेल तर मोरीत भांडी घासताना बोला, एसटीत बसल्या बसल्या बोला. पाप मोघम सांगू नका, नाव घेऊन सांगा. 'प्रभू, मी आईला खोटे बोललो,' 'प्रभू, काल मी पुन्हा प्यायलो,' एवढे पुरते. पेत्राला आठवा. तो येशूला नाकारणार हे येशूला आधीच ठाऊक होते. तरी पेत्राचा विश्वास ढळू नये म्हणून त्याने आधीच प्रार्थना केली होती. पेत्र पडला, रडला आणि परत आला.

दुसरी गोष्ट : देवाकडे जाण्यासाठी पैसे मोजू नका. तहसील कचेरीत काम अडले की आपण ओळखीचा माणूस शोधतो, हातावर काही ठेवावे लागेल असे धरून चालतो. देवाच्या दारी तसे नाही. पाळक, फादर किंवा मंडळीतले वडील तुमच्यासोबत प्रार्थना करतात, ते चांगलेच आहे. त्यांना जरूर बोलवा. याकोबाच्या पत्रात आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करायला सांगितले आहे, पण त्याची किंमत कुठे लिहिलेली नाही. फोनवर कुणी म्हणाले, इतके पैसे पाठवा, मग तुमची प्रार्थना देवापर्यंत पोचेल, तर फोन ठेवा. मंगळसूत्र गहाण टाकू नका. कर्ज काढू नका. मंडळीला दान आनंदाने द्या, भीतीपोटी देऊ नका.

याला जोडूनच सांगतो. प्रार्थना सुरू केली म्हणून रक्तदाबाची, साखरेची गोळी बंद करू नका. लूक स्वतः वैद्य होता आणि तो पौलाचा प्रिय सोबती होता. प्रार्थनाही करा, औषधही घ्या.

तिसरी गोष्ट : क्षमा झालेल्या पापासाठी स्वतःला शिक्षा करत बसू नका. काही जण वीस वर्षांपूर्वीच्या चुकीसाठी आजही रात्र रात्र जागतात. काही जण उपास करून ती फेडायला बघतात. येशूचे अर्पण अपुरे पडलेले नाही, त्यात तुमची भर नको. पण माणसांचे देणे राहिले असेल तर ते फेडा. जक्कयाने फसवून घेतलेले चौपट परत करायचे कबूल केले होते. तुम्ही कुणाचे पैसे बुडवले असतील तर परत करा. कुणाला दुखावले असेल तर जाऊन क्षमा मागा. घरात मारहाण होत असेल तर ती आजच थांबली पाहिजे. क्षमा आहे म्हणून पाप चालू ठेवायचे, असा अर्थ काढू नका. त्याविरुद्ध इब्री लोकांस लिहिलेले पत्रच कडक शब्दांत बजावते.

ज्या बहिणीला मार बसतो, तिलाही सांगतो. सोसत राहणे हे तुमचे अर्पण नाही. विश्वासाच्या माणसाला सांगा, सुरक्षित ठिकाणी जा, मदत घ्या. प्रभू तुमच्या बाजूने आहे.

चौथी गोष्ट : एकत्र येणे सोडू नका. एकट्याचा विश्वास लवकर थकतो. रविवारी मागच्या बाकावर बसलात तरी चालेल, पण या. आणि तुम्ही नेमाने येत असाल, तर कोण दिसत नाही ते पाहा. त्यांच्या घरी जा. का आला नाहीत, असे दरडावून विचारू नका. चहा घ्या, ख्यालीखुशाली विचारा, निघताना एक छोटी प्रार्थना करा.

पाचवी गोष्ट : तुम्हीही दुसऱ्याची नावे देवापुढे न्या. पेत्र सर्व विश्वासणाऱ्यांना याजकगण म्हणतो. शिकलेल्यांना वेगळे आणि अंगठेबहाद्दरांना वेगळे, असे त्यात काही नाही. एका कागदावर नावे लिहा. नोकरी शोधणारा पुतण्या, दवाखान्यातली शेजारीण, तुमच्याशी वैर धरणारा माणूसही. कोण कोणत्या धर्माचा आहे ते पाहू नका. रोज ती नावे घ्या. मग उठून जमेल ते करा. दवाखान्यात डबा पोचवा, पोराची फी भरायला हातभार लावा. भले करणे आणि आपल्यातले वाटून देणे हे देवाला आवडणारे अर्पण आहे, असे इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटच्या अध्यायात सांगितले आहे.

हे पत्र स्वतः वाचा. त्याचे 13 अध्याय आहेत. रोज एक वाचलात तर दोन आठवड्यांच्या आत होईल. अवघड वाटले तर चौथ्या अध्यायाच्या शेवटापासून सुरू करा. पंडिता रमाबाईंनी केडगावला आयुष्याची अखेरची वर्षे पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणण्यात घालवली, ती साध्यासुध्या माणसांना वाचता यावे म्हणूनच. वाचता येत नसेल तर नातवंडांकडून वाचून घ्या. त्यांच्याही कानावर पडेल.

एक शब्द, ज्यांच्या घरातले माणूस नुकतेच गेले आहे त्यांच्यासाठी. तुमच्यासाठी रोज प्रार्थना करणारी आई गेली असेल, नवरा गेला असेल. आता आपले नाव देवापुढे कोण घेणार, असे तुम्हाला वाटत असेल. तुमचे नाव आजही तिथे घेतले जाते. जो घेतो, त्याला पुन्हा मरण नाही.

म्हणून आज रात्री दिवा मालवण्याआधी पाच मिनिटे काढा. जे लपवून ठेवले आहे ते प्रभूला सांगा. आणि येत्या रविवारी उपासनेला या, घरात रुसलेले कुणी असेल तर त्यांनाही सोबत घेऊन या.