‘उचल’ : एका शब्दाचे ओझे

इंग्रजीतील ‘लिफ्ट’ हे क्रियापद जुन्या नॉर्स भाषेतून आले. त्याचे नाते ‘हवा, आकाश’ या अर्थाच्या शब्दाशी आहे. लिफ्ट करणे म्हणजे वस्तू हवेत नेणे. पुढे त्याला चोरीचाही अर्थ चिकटला. दुकानातील माल लांबवणारा तो ‘शॉपलिफ्टर’. परीक्षेसाठी आपण हे सारे पाठ करतो, पण आपल्या ‘उचलणे’कडे मात्र आपले लक्ष जात नाही.

संस्कृत ‘उद्’ म्हणजे वर आणि ‘चल्’ म्हणजे हलणे. त्यांतून ‘उचलणे’ घडले. आपण पाऊल उचलतो, विडा उचलतो, दुसऱ्याची कल्पनाही उचलतो. संशयिताला पोलीस उचलतात. चोरीचा अर्थ येथेही आहेच. तो एका संपूर्ण समाजाच्या नावाला कसा चिकटला, हे लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ (१९८७) या आत्मकथनाने मराठी वाचकाला दाखवले.

परंतु देवळाली प्रवरेच्या परिसरात या धातूचा सर्वांत जड अर्थ निराळाच आहे. भंडारदरा धरण १९२६ साली पुरे झाले, प्रवरेच्या कालव्यांवर ऊस वाढला, कारखाने उभे राहिले. ऊस तोडायला पाथर्डी आणि बीडकडची कुटुंबे येतात. हंगामाआधी मुकादम त्यांना जी आगाऊ रक्कम देतो, तिचे नाव ‘उचल’. नवराबायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. उचल त्या कोयत्यावर मिळते. टनाच्या दराने मजुरी पडते आणि तीतून उचल फिटवायची. फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर चढते.

व्याकरण सांगते, उचलणारा तो कर्ता. इथे पैसे उचलणारा मजूर नावापुरता कर्ता. उरलेले सहा महिने तो दुसऱ्याच्या क्रियापदाचे कर्म होतो. त्याच्याबरोबर मुलांची शाळाही उचलली जाते. वेठबिगारी रद्द करणाऱ्या १९७६ च्या कायद्याने आगाऊ रकमेपोटी माणूस बांधून ठेवणे गुन्हा ठरवले. पण ‘उचल’ हा शब्द इतका हलका वाटतो की तिच्यातील कर्ज ऐकूच येत नाही.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की उचलीला कर्ज म्हणावे आणि कर्जासारखाच तिचा लेखी हिशेब मजुराच्या हाती द्यावा. आपण भाषेचे विद्यार्थी आहोत. शब्दाची व्युत्पत्ती सांगितली म्हणजे आपले काम संपत नाही. त्या शब्दाचे ओझे कोणाच्या डोक्यावर आहे, हेही सांगितले पाहिजे.