माप एकच असावे!

कुंकू, रांगोळी, ओवाळणी बायबलमध्ये नाहीत, सबब ती सोडावीत, असे सांगणारे उपदेशक नाताळाविषयी मात्र मौन बाळगतात. २५ डिसेंबर ही जन्मतिथी बायबलमध्ये कोठे आहे? सजविलेले झाड कोठे आहे?

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटन पंथीयांनी हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला. १६५९ मध्ये त्यांनी नाताळ पाळणाऱ्यास पाच शिलिंग दंड ठरविला; १६८१ मध्ये तो कायदा रद्द झाला. त्याच प्रांतातील बोस्टनच्या मिशन मंडळाने १८३१ मध्ये आष्टीला लागून असलेल्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, कार्य आरंभिले. आणि याच नगरच्या भूमीत रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंग-कीर्तनात आणली. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेऊनही त्यांनी मराठी संस्कृतीशी असलेले नाते तोडले नाही.

युरोपातील झाड शास्त्राबाहेरचे असूनही चालते, तर आष्टीच्या अंगणातील रांगोळीच का खुपते? ही कसोटी शास्त्राची नव्हे, परकीय अनुकरणाची आहे. उपासना बदलल्याने पूर्वज बदलत नाहीत. काय पाळावे, हे ख्रिस्ती बांधवांनीच ठरवावे. माप मात्र एकच असावे!