परदेशातल्या माणसाचं वकीलपत्र: औंधच्या अप्पासाहेब पंतांकडून काय शिकायचं?

परदेशात कामाला जाणाऱ्या भारतीयांसाठी नवा कायदा येऊ घातला आहे. 1983 चा एमिग्रेशन अ‍ॅक्ट बाजूला ठेवून त्याच्या जागी ‘ओव्हरसीज मोबिलिटी’ या नावाचं विधेयक आणण्याची तयारी परराष्ट्र मंत्रालयाने केली आणि त्याचा मसुदा ऑक्टोबर 2025 मध्ये हरकती-सूचनांसाठी खुला केला. वर्तमानपत्रांत याची बातमी आली ती आतल्या पानावर, दोन-चार इंचांची. पण हा विषय थेट आपल्या मोहल्ल्यांचा आहे. सातारा, कराड, मिरज, सांगली इथून आखातात गेलेली माणसं कोकणाइतकी दारोदार नसतील, तरी कमी नाहीत. कुणी ड्रायव्हर, कुणी वेल्डर, कुणी एसी मेकॅनिक, कुणी हॉटेलात.

या माणसांचं वकीलपत्र परदेशात कुणी घ्यायचं, आणि कसं घ्यायचं? याचं उत्तर शोधताना आम्हाला आपल्याच मातीतल्या एका अधिकाऱ्याची आठवण होते. तो दिल्लीचा नव्हता. सातारा जिल्ह्यातल्या औंधचा होता.

औंध ते नैरोबी

अप्पासाहेब पंत यांचा जन्म 1912 चा. वडील भवानराव पंतप्रतिनिधी म्हणजे औंध संस्थानचे राजे, सूर्यनमस्काराच्या प्रसारामुळे महाराष्ट्राला माहीत असलेले. संस्थान 72 गावांचं, तेही सलग नाही. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे, आटपाडी सांगली जिल्ह्यात. ऑक्सफर्डला शिकून आणि बॅरिस्टर होऊन अप्पासाहेब परतले, आणि पुढे गांधीजींच्या सल्ल्याने वडिलांनी राज्य रयतेच्या हाती द्यायचं ठरवलं. 1939 च्या राज्यघटनेने गावकऱ्यांनी पंच निवडायचे, पंचांमधून तालुक्याचा आणि राज्याचा कारभार उभा करायचा, अशी व्यवस्था आली. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत याच काळातली. भिंती नाहीत, कैदी शेती करतात. ‘दो आँखें बारह हाथ’ हा सिनेमा त्यावरूनच सुचला. या सगळ्या कामात अप्पासाहेब होते. पुढे ते संस्थानाचे पंतप्रधानही झाले.

मार्च 1948 मध्ये औंध मुंबई राज्यात विलीन झालं. त्याच वर्षी नेहरूंनी अप्पासाहेबांना ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत भारताचे कमिशनर म्हणून नैरोबीला पाठवलं. कमिशनरचं काम म्हणजे तिथल्या भारतीयांचे आणि त्यांच्या व्यापाराचे प्रश्न बघणं, आणि ब्रिटिश सरकारशी बोलणी करणं. पुढे बेल्जियन काँगो आणि मध्य आफ्रिकेची जबाबदारीही त्यांच्याकडे आली.

तिथले आपले लोक कोण होते?

पूर्व आफ्रिकेतली भारतीय वस्ती समजून घेतल्याशिवाय या कामाची अडचण कळत नाही. 1896 ते 1901 या काळात युगांडा रेल्वे बांधायला सुमारे 32 हजार मजूर करारावर नेण्यात आले. त्यातले सुमारे अडीच हजार तिथेच मेले. बहुतेक परतले, थोडे राहिले. त्यांच्या मागोमाग व्यापारी गेले. त्यात मुस्लिमांचा वाटा मोठा. रेल्वेसाठी मजूर आणि माल पुरवणारे अलीभाई मुल्ला जीवनजी हे बोहरा, कराचीचे. केनियाच्या कायदेमंडळात बसलेले ते पहिले बिगरगोरे सदस्य. कच्छमधून गेलेले खोजा व्यापारी अलिदिना विश्राम यांची दुकानं किनाऱ्यापासून युगांडापर्यंत पसरली. दुकानदाराला तिथे नावच पडलं ‘दुकावाला’.

1948 मध्ये एकट्या केनियात आशियाई वंशाचे सुमारे एक लाख लोक होते. वर गोरा मालक, खाली आफ्रिकन मजूर, मध्ये आपला दुकानदार. गोरा त्याला जमीन घेऊ देत नव्हता, आणि आफ्रिकन त्याला गोऱ्याचा हस्तक समजत होता. त्यात नुकतीच फाळणी झालेली. पिढ्यान्‌पिढ्या एका बाजारपेठेत बसणारी माणसं अचानक ‘भारताची’ आणि ‘पाकिस्तानची’ झाली. ब्रिटिशांना हे सोयीचंच होतं. 1952 च्या केनियाच्या निवडणुकीत आशियाई मतदारांच्या सहा जागा फोडण्यात आल्या: चार बिगरमुस्लिमांच्या, दोन मुस्लिमांच्या. भारतात ज्या विभक्त मतदारसंघांनी एवढं रामायण घडवलं, तेच बियाणं तिथे नव्याने पेरलं गेलं.

अधिकाऱ्याने काय केलं

अप्पासाहेबांपुढे सोपा रस्ता होता. व्यापाऱ्यांच्या चेंबरला हजेरी लावायची, गव्हर्नरच्या मेजवान्यांना जायचं, आपल्या लोकांसाठी चार परवाने जास्त मिळवायचे. बहुतेक अधिकारी हेच करतात.

त्यांनी नेहरूंचं धोरण मनापासून उचललं. धोरण साधं होतं: आफ्रिका आफ्रिकनांची आहे, भारतीयांनी तिथे खास सवलती मागू नयेत, त्या लोकांच्या स्वातंत्र्याच्या बाजूने उभं राहावं. अप्पासाहेबांनी आफ्रिकन नेत्यांशी मैत्री केली, त्यांना घरी बोलावलं. आफ्रिकन विद्यार्थ्यांना भारतात शिकायला शिष्यवृत्त्या मिळाव्यात म्हणून ते झटले. त्याच काळात गांधीजींच्या स्मारकासाठी तिथल्या भारतीयांनी निधी जमवला. तो फक्त आपल्या मुलांच्या कॉलेजात न घालता सर्व वंशांसाठी खुल्या असलेल्या तंत्रशिक्षण संस्थेला जोडण्यात आला. आजचं नैरोबी विद्यापीठ त्याच संस्थेतून वाढलं.

ऑक्टोबर 1952 मध्ये केनियात आणीबाणी आली, जोमो केन्याटांना अटक झाली. त्यांच्या खटल्यात बचावाला जे वकील उभे राहिले त्यांत दिल्लीहून गेलेले दिवाण चमनलाल होते, केनियातले कपिला होते, गोव्याच्या घराण्यातले फिट्झ डिसोझा होते. गोऱ्या वसाहतवाल्यांना हे सगळं खुपत होतंच. भारताचा कमिशनर आफ्रिकनांना चिथावतो, अशा तक्रारी लंडनला गेल्या. अखेर 1954 मध्ये अप्पासाहेबांना तिथून हलवावं लागलं. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली.

पुढची कारकीर्द लांबलचक आहे: सिक्कीम, भूतान आणि तिबेटचं काम, मग इंडोनेशिया, नॉर्वे, इजिप्त, 1969 ते 1972 लंडनमध्ये उच्चायुक्त, शेवटी इटली. पण आमच्या मते त्यांचं खरं मोल त्या नैरोबीच्या सहा वर्षांत आहे.

धोरणाची दुसरी बाजू

इथे भाबडेपणा नको. ‘यजमान देशाशी एकरूप व्हा’ हा सल्ला बरोबर होता, पण अपुरा होता. केनियाने 1967 मध्ये परदेशी नागरिकांच्या व्यापारावर परवान्यांची बंधनं घातली. ब्रिटिश पासपोर्टवाले आशियाई लंडनकडे निघाले, तेव्हा ब्रिटनने 1968 मध्ये घाईघाईने कायदा करून दार लोटून घेतलं. दिल्लीचं म्हणणं, पासपोर्ट ब्रिटिश आहे तर जबाबदारी ब्रिटनची. माणूस मध्येच लटकला. ऑगस्ट 1972 मध्ये इदी अमीनने युगांडातल्या आशियाईंना 90 दिवसांत चालते व्हा म्हणून सांगितलं. हिंदू, मुस्लिम, शीख, ख्रिस्ती असा फरक अमीनने केला नाही. स्वतः मुसलमान असून त्याने खोजा आणि बोहरा दुकानदारांनाही सोडलं नाही. मतदारयाद्यांमधली ती 1952 ची वाटणी कुणाच्याच कामी आली नाही.

याचा अर्थ दोन गोष्टी एकत्र लागतात. परक्या मुलखात तिथल्या माणसाशी इमानाने वागणं, आणि मागे आपल्या सरकारचा भक्कम हात. एक असून दुसरी नसेल तर माणूस उघड्यावर पडतो.

काही देशांनी तिसराच रस्ता धरला आहे. चीनमध्ये परदेशस्थ चिनी लोकांचं काम बघणारं सरकारी कार्यालय 2018 मध्ये थेट कम्युनिस्ट पक्षाच्या ‘युनायटेड फ्रंट’ विभागात सामील करण्यात आलं. म्हणजे परदेशातला माणूस हा पक्षाच्या कामाचा हत्यार झाला. यात सगळ्यात जास्त नुकसान त्या माणसाचंच होतं, कारण यजमान देश त्याच्याकडे संशयाने बघायला लागतो. आपल्याकडेही परदेशातल्या सभा आणि जल्लोष यांना देशातल्या राजकारणाचा रंग चढतोय, आणि तिथल्या भारतीयांत धर्मावरून फळ्या पडतायत. हे नैरोबीच्या शिकवणीच्या नेमकं उलट आहे.

आजचा हिशोब

आता आकडे बघू. रिझर्व्ह बँकेच्या 2023-24 च्या पाहणीनुसार परदेशातून भारतात येणाऱ्या पैशांत सहा आखाती देशांचा वाटा सुमारे 38 टक्के आहे. राज्यांमध्ये सगळ्यात जास्त, 20.5 टक्के, महाराष्ट्राकडे येतात. पण 9 जानेवारीच्या प्रवासी भारतीय दिवसाला व्यासपीठावर कोण दिसतं? उद्योगपती, डॉक्टर, परदेशातले खासदार. जून 2024 मध्ये कुवेतच्या मंगाफमधल्या कामगारांच्या इमारतीला आग लागून चाळीसहून अधिक भारतीय गेले, तेव्हा कुठे देशाला कळलं की आपली माणसं तिथे कशी दाटीवाटीने राहतात.

प्रवासी भारतीयांसाठीचं स्वतंत्र मंत्रालय 2016 मध्ये परराष्ट्र मंत्रालयात विलीन झालं. सोयी काही आहेत. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ शेरा असतो, त्यांना ठरावीक देशांत नोकरीला जाताना सरकारी मंजुरी लागते आणि 10 लाखांचा विमा मिळतो. नोंदणीकृत एजंटला 30 हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी, एवढीच फी घेता येते. पण आपल्या किती पोरांना हे ठाऊक आहे? एजंट लाख-सव्वा लाख मागतो, घरचे दागिने गहाण पडतात, आणि टुरिस्ट व्हिसावर पाठवणी होते. टुरिस्ट व्हिसावर गेलेला माणूस सरकारच्या वहीत कामगार म्हणून नसतोच. मग अडचणीत त्याचा वाली कोण?

नव्या कायद्याचं मोजमाप आम्ही यावरच करू: एजंटावर वचक बसतो का, फसलेल्या कामगाराला दाद मागायला मिरजेहून मुंबईला हेलपाटे घालावे लागतात का, आणि दूतावासातला अधिकारी लेबर कॅम्पमध्ये जातो की फक्त मेजवानीला.

आपल्या वाट्याचं काम

सगळं सरकारवर ढकलून चालणार नाही. जमातीच्या प्रत्येक मशिदीत, शाळेत, तरुण मंडळात जुम्म्यानंतर दहा मिनिटं या माहितीसाठी काढता येतात. एजंटची नोंदणी ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा, कराराची प्रत घरी ठेवा, हे सांगायला मौलवीच हवेत असं नाही. पोरांना जाण्याआधी हातात एखादं प्रमाणपत्राचं कौशल्य हवं.

आणि वागणुकीचं काय? इस्लामच्या इतिहासातली पहिली हिजरत आफ्रिकेतच झाली, हबशाला. तिथला राजा ख्रिस्ती होता, पण न्यायी होता, म्हणून मुसलमान तिथे गेले आणि इमानाने राहिले. आमच्या भागातल्या गलाई बांधवांनाही हे वेगळं सांगावं लागत नाही. विटा, आटपाडी, खानापूर, माण, खटावच्या दुष्काळाने बाहेर काढलेली ही माणसं सोनं गाळायचं काम घेऊन देशभरातल्या गावांत रुजली, तिथली भाषा शिकली.

शेवटचा मुद्दा घरचा. ज्या खटाव तालुक्यात औंध आहे, त्याच तालुक्यातल्या पुसेसावळीत 10 सप्टेंबर 2023 च्या रात्री सोशल मीडियावरच्या पोस्टवरून जमाव मशिदीत शिरला आणि एका तरुणाचा जीव गेला. परदेशात आपल्या माणसाला इज्जत मिळावी असं वाटत असेल, तर ती इज्जत गावातल्या शेजाऱ्यालाही मिळाली पाहिजे. नैरोबीत आफ्रिकनांच्या हक्कासाठी उभा राहिलेला अधिकारी याच तालुक्याने दिला होता. त्याचं नाव इथल्या शाळांमध्ये, मराठी आणि उर्दू दोन्ही, मुलांना सांगितलं गेलं पाहिजे. आणि नव्या कायद्यावर आपल्या खासदारांना प्रश्न विचारायला आपणच जायला हवं. त्यांना आपल्या वेल्डरची आणि ड्रायव्हरची आठवण आपण नाही करून द्यायची, तर कोण करून देणार?