कॉकपिटमधली तिसरी खुर्ची

28 ऑक्टोबर 2018 च्या रात्री बालीहून जकार्ताला निघालेल्या लायन एअरच्या बोइंग 737 मॅक्स विमानाचे नाक पुन्हापुन्हा खाली झुकू लागले. दोघे वैमानिक ते सावरण्यात गुंतले होते. त्यांच्या पाठीमागे घडीच्या खुर्चीवर ड्यूटीवर नसलेला तिसरा वैमानिक बसला होता. त्याची मदत झाली, ट्रिमचे, म्हणजे नाक आपोआप वर-खाली करणाऱ्या यंत्रणेचे, स्विच बंद केले गेले आणि विमान सुखरूप उतरले.

दुसऱ्या दिवशी त्याच विमानाच्या कॉकपिटमध्ये दोघेच वैमानिक होते. विमान जावा समुद्रात कोसळले. 189 जण गेले.

या खुर्चीला म्हणतात जंपसीट. अमेरिकेत अनेक वैमानिक एका शहरात राहतात आणि दुसऱ्या शहरातून ड्यूटी सुरू करतात. त्यांच्या येण्याजाण्यासाठी विमान कंपन्या एकमेकींच्या वैमानिकांना ही जागा फुकट देतात. पाहुणा वैमानिक कॉकपिटच्या दाराशी येतो, कागदपत्रे दाखवतो, कॅप्टनची परवानगी मागतो. कॅप्टन नाही म्हणाला तर विषय संपला. 11 सप्टेंबर 2001 नंतर परक्या कंपनीच्या वैमानिकांना हे दार बंद झाले होते. ओळख आणि नोकरी संगणकावर पडताळण्याची सोय झाल्यावर ते पुन्हा उघडले.

पण नोकरी पडताळता येते, मन नाही. 22 ऑक्टोबर 2023 रोजी होरायझन एअरच्या विमानात जंपसीटवरच्या वैमानिकाने इंजिनांचे इंधन तोडणारे लाल दांडे खेचले. दोघा वैमानिकांनी त्याला वेळीच रोखले, म्हणून 80 हून अधिक जीव वाचले. तो नैराश्याने ग्रासलेला होता आणि परवाना जाईल या भीतीने उपचार टाळत होता.

या घटनेवरून जंपसीटच बंद करा म्हणणे चुकीचे ठरेल. मात्र कंपन्यांनी तिच्याआड लपणेही थांबवले पाहिजे. 12 फेब्रुवारी 2009 रोजी बफेलोजवळ कोल्गन एअरचे विमान पडून 50 जण दगावले. त्यातली सहवैमानिक आदल्या रात्री सिएटलहून मालवाहू विमानांतून, मेम्फिसमार्गे, पहाटे न्यूअर्कला पोचली होती आणि विश्रांती म्हणून कर्मचाऱ्यांच्या खोलीत पडून राहिली होती. अपघाताचे मुख्य कारण कॅप्टनची चूक हे खरे. पण दोघेही थकलेले असावेत, असे तपासात नोंदले गेले. फुकट खुर्ची दिली की तुटपुंज्या पगारात दूर राहणाऱ्या वैमानिकाच्या झोपेची जबाबदारी संपत नाही.

म्हणून ही सवलत राहावी, पण तिच्यासोबत ड्यूटीच्या शहरात झोपायला जागा मिळावी आणि नोकरी न गमावता उपचार घेता यावेत. तिसऱ्या माणसाने पाहिलेले कागदावर येणेही सक्तीचे असावे. जकार्ताला उतरल्यावर लायन एअरच्या कॅप्टनने काही बिघाड नोंदवले, पण ट्रिमचे स्विच बंद करावे लागले हे त्यात नव्हते. सकाळच्या वैमानिकांच्या हाती तीच अर्धवट नोंद पडली.